सातबाऱ्याचं टेबल करू नका: गट क्रमांक २१४ चा प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रात शेतजमिनीशी संबंध येणारी कोणतीही संगणक प्रणाली बांधायला घ्या. पीककर्जाची असो, विम्याची असो, की जमीन घेण्यापूर्वी शोध अहवाल काढणाऱ्या वकिलाची असो, पहिल्या बैठकीत फळ्यावर पहिला चौकोन निघतो तो ‘सातबारा’ नावाचा. त्यात गट क्रमांक, खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार (जमिनीचा महसूल), इतर हक्क असे रकाने भरले जातात आणि तासाभरात सगळ्यांना वाटतं, रचना समजली. माझ्या मते पुढच्या बहुतेक अडचणी त्या चौकोनातूनच निघतात. एका गटावर ते करून पाहू. गट आणि कुटुंब उदाहरणासाठी रचलेलं आहे. कायदा, नमुने आणि नोंदीच्या पद्धती खऱ्या आहेत.

प्रकरण

गट क्रमांक २१४, क्षेत्र २ हेक्टर ४० आर. त्यात लागवडयोग्य २.३२ आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, ०.०८. आजोबा कूळ होते; कूळकायद्याच्या कलम ३२ग खाली त्यांनी जमीन विकत घेतली, ३२म चं खरेदी प्रमाणपत्र १९६५ चं. म्हणून भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर बंधन असलेली जमीन. पुढे खातेदार एकटे वडील. वडील २००९ मध्ये वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. वारसनोंद मंजूर व्हायला २०१२ उजाडलं. २०१४ मध्ये थोरल्याने आपल्या हिश्श्यावर विकास सोसायटीचं कर्ज काढलं, इकरार (जमीन तारण ठेवल्याचा लेख) केला, सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढला. २०१६ मध्ये बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा दोघा भावांना सोडला. २०१९ मध्ये धाकट्याने सामाईकातले ४० आर शेजारच्या गटाच्या खातेदाराला विकले. आता हा खरेदीदार बँकेत पीककर्ज मागायला गेलाय आणि बँकेची प्रणाली म्हणते, ‘सातबाऱ्यावर बोजा आहे.’

प्रणाली खोटं बोलत नाही. बोजा आहेच. पण तो थोरल्याच्या हिश्श्यावर आहे, आणि खरेदीदाराने जमीन घेतली ती धाकट्याकडून. प्रणालीत ‘सातबारा’ नावाचं एक टेबल आणि त्यात ‘इतर हक्क’ नावाचा एक मजकुराचा रकाना आहे. तिला दुसरं उत्तर देताच येणार नाही.

पानावर नेमकं काय असतं

गावपातळीवर महसूल खात्याचे १ ते २१ गाव नमुने असतात. सातबारा म्हणजे त्यातल्या दोघांची जोडी: नमुना ७, अधिकार अभिलेख, आणि नमुना १२, पिकांची नोंदवही. एका कागदावर छापले जातात एवढंच. दोघांचं आयुष्य वेगळं. सात बदलतो तो फेरफार (हक्कबदलाची नोंद) झाल्यावर. वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. बारा बदलतो हंगामागणिक, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत त्याची माहिती शेतकरी स्वतः मोबाईलवरून, शेतातल्या फोटोसकट भरतो. म्हणजे माहिती देणारा वेगळा, कालावधी वेगळा, खातरजमेची रीत वेगळी. एवढ्यावरूनच पहिला चौकोन दुभंगायला हवा.

मग आठ-अ. एका खात्याखाली गावातले सगळे गट तिथे एकत्र दिसतात. सात जमिनीच्या बाजूने बघतो, आठ-अ माणसाच्या बाजूने. खालची वस्तुस्थिती एकच. दोन्हींची स्वतंत्र टेबलं केली की कधी ना कधी ती एकमेकांशी फटकून वागतात, आणि ‘सात आणि आठ-अ चा मेळ बसत नाही’ ही तक्रार तहसील कार्यालयात वावरणाऱ्याला नवी नाही. दोन्ही कागद काढून दाखवायचे असतात, साठवायचे नसतात.

साठवायचं ते काय, हे नमुना ६ सांगतो. फेरफार नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार धरतो, चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर नोंद ‘विवादग्रस्त’ होऊन ६अ मध्ये जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि तेव्हा कुठे सातवर नाव चढतं. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी एका वर्तुळात फेरफार क्रमांक असायचा, आणि हक्क गेलेल्या माणसाच्या नावाला कंस. डेटाबेसवाले ज्याला फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी खूण) म्हणतात ती तलाठी टाकाने काढत होता, आणि खोडून टाकण्याऐवजी कंस करून इतिहास राखत होता.

हे वाचलं की लक्षात येतं: फेरफार ही घटना, सात ही त्या घटनांनी आजवर साचलेली स्थिती. आजच्या भाषेत इव्हेंट सोर्सिंग. वहीवाल्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं, गरजही पडली नाही.

हिऱ्याला रेघ कशी जोडायची

आता एंटिटी-रिलेशनशिप पद्धतीने मांडू. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही पहिल्या आराखड्यासाठी मला सगळ्यात सोयीची वाटते. चौकोनात वस्तू, हिऱ्याच्या आकारात त्यांच्यातले संबंध. एका बाजूला ‘व्यक्ती’, दुसऱ्या बाजूला ‘गट’, मध्ये ‘धारण करते’ हा हिरा, आणि हिऱ्याला लटकवलेला ‘हिस्सा’ हा गुणधर्म. थोरला, धाकटा, आई, खरेदीदार, चौघे एका गटाशी चार हिश्श्यांनी जोडले गेले. सातबारा टेबलापेक्षा हे कितीतरी बरं.

मग बोजा आला आणि गाडी अडली. सोसायटीचा बोजा कशाला जोडायचा? ‘व्यक्ती’ला जोडला तर थोरल्याच्या दुसऱ्या गावातल्या जमिनीवरही तो आहे असं दिसेल. ‘गट’ला जोडला तर बँकेने केलेली चूक पुन्हा. बोजा आहे तो थोरल्याच्या या गटातल्या हक्कावर, म्हणजे हिऱ्यावर. पण चेन यांच्या मूळ चित्रात हिऱ्याची रेघ चौकोनालाच जाते, दुसऱ्या हिऱ्याला जात नाही.

इथे दोन वाटा फुटतात. यूएमएल ही सॉफ्टवेअर रचनेची चित्रभाषा, जिचं प्रमाणीकरण ओएमजी या संस्थेने १९९७ मध्ये केलं, तिच्यात असोसिएशन क्लास मिळतो. संबंधालाच वर्गाचा दर्जा, आणि त्याला पुढे रेघा. दुसरी वाट जुनीच: हिरा मोडून ‘हक्क’ हा सरळ चौकोन करायचा. मी दुसरी निवडतो, आणि कारण चित्रकलेचं नाही. महसूल कार्यालयात बसलेला कोणीही माणूस ‘हक्क’ या गोष्टीबद्दल स्वतंत्रपणे बोलतो: हक्क सोडला, हक्काची नोंद झाली, हक्काला हरकत आली. ज्याला स्वतःचा जन्म, बदल आणि शेवट आहे, त्याला दोन वस्तूंमधली रेघ म्हणून वागवलं की ते तपशील कुठेतरी मजकुरात लपतात.

योगायोग म्हणा, जमीन प्रशासनाचं जागतिक मॉडेल याच निर्णयावर उभं आहे. आयएसओ १९१५२, ‘लँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल’, पहिली आवृत्ती २०१२ ची. नेदरलँड्सच्या क्रिस्टियान लेमेन आणि पीटर व्हान ओस्टेरोम यांनी २००२ पासून घडवत आणलेलं. त्यात चार मुख्य वर्ग: पक्ष; हक्क-निर्बंध-जबाबदारी; ज्या एककावर तो हक्क एकसारखा लागू होतो ते प्रशासकीय एकक; आणि जमिनीवरचं भौगोलिक एकक. गहाण हा तिथे निर्बंधाचा उपप्रकार आहे आणि तो हक्काशी जोडता येतो. आपल्या सोसायटीच्या बोजाला तीच जागा हवी होती.

‘इतर हक्क’ उसवताना

सातमधला हा रकाना म्हणजे घरातला तो कप्पा, ज्यात जागा न सापडलेलं सगळं पडतं. आपल्या गटात तिथे चार ओळी आहेत: सोसायटीचा बोजा, कूळकायद्याची ‘कू.का. कलम ४३ ला पात्र’ ही नोंद, विहिरीत शेजारच्या गटाचा पाण्याचा वाटा. आणि वीजवाहिनी गेल्याची नोंद. सातबाऱ्यावर या चारही ओळी सारख्याच दिसतात. मॉडेलमध्ये त्या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत.

बोजा एका हक्कावर, रकमेसह, सोसायटीच्या बाजूने, फेडला की संपणारा. पाण्याचा वाटा म्हणजे दुसऱ्या गटाला या गटात मिळालेला हक्क. त्याचा मालक माणूस नव्हे, शेजारची जमीन. ती ज्याची होईल त्याचं पाणी. वीजवाहिनीचा निर्बंध संपूर्ण भूभागावर, हिस्सेदार बदलले तरी कायम.

कलम ४३ ची ओळ मला सगळ्यात बोलकी वाटते. कुळाने घेतलेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, असा तो निर्बंध. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात फट पडली: ३२म प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटून गेली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. म्हणजे हा निर्बंध आज किती कडक आहे हे १९६५ च्या एका तारखेवर ठरतं. ती तारीख मॉडेलमध्ये आहे का? ‘कलम ४३ ला पात्र’ एवढा मजकूर साठवला असेल तर नाही. कायदा बदलला त्या दिवशी ‘माझ्या तालुक्यात आता कोणत्या जमिनी मोकळ्या झाल्या?’ हा प्रश्न मजकुराच्या रकान्याला विचारता येत नाही, माणसं बसवून एकेक सातबारा वाचावा लागतो. निर्बंधाला स्वतःचा चौकोन, त्यात कारण ठरलेलं प्रमाणपत्र, त्याची तारीख, आणि लागू होणारं कलम, एवढं दिलं की तो एका ओळीचा प्रश्न होतो. धाकट्याची २०१९ ची विक्री नियमात बसते का, हेही त्याच तारखेतून कळतं.

नावाच्या रकान्यातही अशीच गठडी असते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा (अल्पवयीनाचा) पालनकर्ता. ही अक्षरं नावाचा भाग नाहीत. ती एका माणसाची दुसऱ्या पक्षासाठीची भूमिका आहे. पालनकर्ता मरतो, मूल सज्ञान होतं, तरी नाव तसंच पडून राहतं, कारण भूमिकेला शेवटची तारीख ठेवायला जागाच नसते.

हिस्सा की क्षेत्र

सातबाऱ्यावर प्रत्येकासमोर क्षेत्र छापलेलं असतं, म्हणून मॉडेल करणारा क्षेत्रच साठवतो. गट २१४ मध्ये ते चालून जातं. चौघा वारसांचे चार समान हिस्से, प्रत्येकी ६० आर. बहिणीने सोडल्यावर भावांचे तीन-अष्टमांश, म्हणजे ९० आर. धाकट्याने ४० विकले, ५० उरले. सगळं सुटसुटीत.

आता समजा वारस तीनच असते. लागवडयोग्य २.३२ चे तीन भाग: ०.७७३३ आणि पुढे अनंत तीन. प्रत्येकाला ०.७७ लिहिलं की बेरीज २.३१, आकारबंदाशी (गटाच्या मूळ क्षेत्राच्या सरकारी नोंदीशी) एका आराचा फरक. पुढच्या पिढीत प्रत्येक तिसऱ्याचे आणखी तुकडे, आणि फरक वाढत जातो. खरा आहे तो हिस्सा; क्षेत्र त्यातून मोजून काढायचं. हिस्सा अपूर्णांकात, अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवून, आणि एका प्रकारच्या हक्कांच्या हिश्श्यांची बेरीज एकच भरली पाहिजे हा नियम मॉडेलमध्येच लिहून. आयएसओच्या मॉडेलमध्ये हा नियम आहे, आणि तो लागू करायचा की नाही हे सांगणारी एक खूणही आहे. ती खूण आपल्याला लागते: कित्येक सामाईक खात्यांत कोणाचा किती हिस्सा हे कागदावर कधी लिहिलेलंच नसतं.

जुन्या सातबाऱ्यांवर हिस्सा आणे-पैत असायचा. सबंध जमीन सोळा आणे, म्हणजे १९२ पै. यात एक-तृतीयांश बरोबर ५ आणे ४ पै येतो, बाकी शून्य. खरेदीदाराचा एक-षष्ठांश २ आणे ८ पै, धाकट्याचे उरलेले ३ आणे ४ पै. पाच भावांत मात्र हा हिशेबही तुटतो. तरीही दशांशापेक्षा वारसांच्या गणिताला ते एकक जास्त मानवत होतं, आणि मेट्रिक करताना हे कोणी मोजलं असेल का, याची मला शंका आहे.

तारीख एक नाही

‘२०१० मध्ये या गटाचा खातेदार कोण?’ उत्तरं दोन. तेव्हाचा सातबारा काढला असता तर वडील, वारून वर्ष झालेले. वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी उघडतो, म्हणून कायद्याने आई आणि तीन मुलं. दोन्ही उत्तरं हवी असतात: पहिलं, त्या वेळी बँकेने कागद पाहून कर्ज दिलं ते योग्य होतं का हे तपासायला, दुसरं, वाद उभा राहिला तर. म्हणून प्रत्येक हक्काला दोन काळ: तो प्रत्यक्षात कधीपासून, आणि अभिलेखात कधीपासून. फेरफाराला तर तिसरी तारीखही असते, तो धरल्याची; तिच्यात आणि प्रमाणित झाल्याच्या तारखेत अंतर पडतं. त्या काळात नोंद ना खरी ना खोटी.

प्रांत अधिकाऱ्याकडे आरटीएस अपील (हक्कनोंदीविरुद्धचं अपील) होऊन फेरफार रद्द झाला तर? ओळ पुसायची नाही. रद्द करणारा आदेश हा स्वतः नवा फेरफार, आणि जुन्या हक्काचा ‘अभिलेखातला’ काळ तिथे संपतो. कलम १५५ खालची लेखनप्रमादाची दुरुस्ती वेगळी: तिथे हक्क बदलत नाही, चुकीचा लिहिलेला मजकूर बदलतो. या दोन गोष्टी एकाच ‘अपडेट’ बटणामागे गेल्या की दहा वर्षांनी नाव कोणत्या कारणाने बदललं हे कोणालाच सांगता येत नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मानली जाते, मालकी सिद्ध करत नाही. तेव्हा मॉडेलमधल्या ‘हक्क’ चौकोनाचं पूर्ण नाव ‘नोंदलेला हक्क’ असायला हवं. वर्गाचं नाव नेमकं असेल तर पुढचा प्रोग्रामर त्यावरून भलते निष्कर्ष काढत नाही.

चित्र कोणाला दाखवायचं

एवढं झाल्यावर क्लास डायग्राम घेऊन मंडळ अधिकाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. तो नम्रपणे मान हलवेल. ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग ही चेनच्या पद्धतीइतकी लोकप्रिय न झालेली शाळा, सत्तरच्या दशकात नायसेन यांच्या कामातून निघालेली आणि टेरी हॅल्पिन यांनी पुढे नेलेली, इथे कामाला येते. तिची रीत अशी की मॉडेलमधली प्रत्येक रेघ एका पूर्ण वाक्यात म्हणायची, उदाहरणासकट, आणि जाणकाराला विचारायचं: हे खरं? याच्या उलट कधी घडतं?

‘एका बोजाखाली नेहमी एकच हक्क असतो.’ नाही, एका कर्जाला तीन गट तारण असतात, बोजा तिन्हींवर चढतो. ‘प्रत्येक हक्कामागे एक तरी फेरफार असतो.’ नाही, अभिलेख पहिल्यांदा तयार झाला तेव्हाची नावं फेरफाराशिवाय आली. ‘एक गट नेहमी एकाच जुन्या सर्व्हे नंबरमधून आला.’ या वाक्यावर हसू येईल. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हा अनेक सर्व्हे नंबर आणि त्यांचे हिस्से मिळून गट झाले; जुन्या-नव्याचा मेळ घालायला आजही लोक नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा, म्हणजे एकत्रीकरणाची जुनी नोंद, काढतात. अशा तीन वाक्यांनी तीन रेघांची टोकं बदलली. चित्राकडे बघून हे कोणी सांगितलं नसतं.

सर्व्हे नंबरच्या त्या वाक्याने ओळखचिन्हाचा प्रश्नही सुटतो. गट क्रमांक ही प्राथमिक कळ (ओळ ओळखण्याची कायमची खूण) होऊ शकत नाही. उद्या वाटप होऊन २१४/१, २१४/२ झाले की २१४ उरत नाही, आणि नव्या तुकड्यांना जुन्याशी जोडणारी वंशावळ लागते. आता सातबाऱ्यावर ११ अंकी युएलपिन (भूखंडाचा ओळख क्रमांक) छापला जातो. तो वापरावा, पण वंशावळीचा चौकोन त्यानेही टळत नाही.

बँकेच्या खिडकीवर

खरेदीदाराने घेतलेले ४० आर जमिनीवर दाखवता येत नाहीत. त्याला २ आणे ८ पैचा हिस्सा मिळाला आहे, हद्द नाही. सातबारा त्याच्या नावापुढे ‘०.४०’ छापतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुठेतरी चार खुंट्या आहेत. म्हणून मॉडेलमध्ये हक्क प्रशासकीय एककाला जोडायचा आणि स्वतःचा नकाशा नसण्याची मुभा ठेवायची. कलम ८५ खाली वाटप आणि मोजणी झाली की नवं भौगोलिक एकक जन्मेल आणि हक्क त्यावर सरकेल.

अशा रचनेवर बँकेचा प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर येतं: या अर्जदाराचा नोंदलेला हक्क २१४ मध्ये एक-षष्ठांश, २०१९ पासून, या हक्कावर बोजा नाही, त्याच एककातल्या दुसऱ्या एका हक्कावर २०१४ चा बोजा आहे, तो चढला तेव्हा त्या हक्काचा हिस्सा एक-चतुर्थांश होता, अर्जदाराची स्वतंत्र हद्द नाही. थोरल्याला २०१६ मध्ये बहिणीकडून आलेला एक-अष्टमांश त्या बोजात धरायचा का, हे इकराराच्या मजकुरावर ठरेल. मॉडेल फक्त दोन्ही तारखा समोर ठेवतं. बँकेचा अधिकारी हे वाचून बहुधा सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागेल. मागू दे. सामाईक जमिनीवर कर्ज देताना ते मागणं रास्त आहे, आणि ‘सातबाऱ्यावर बोजा आहे’ म्हणून अर्ज परत करण्यापेक्षा वेगळं आहे.